जूनमधलं लग्न

व्हिसा नाकारल्याचा ईमेल आला तेव्हा मी स्वयंपाकघरातले डबे पुसत होते. पुसायची काही गरज नव्हती, आदल्या आठवड्यातच पुसले होते. पण जुलैपासून मला स्वस्थ बसणं म्हणून जमलेलं नव्हतं. एक फळी आवरून झाली की दुसरी, दुसरी झाली की पुन्हा पहिली. आमचे हे म्हणायचे, "निरुपमा, अगं डब्यांची कल्हई जाईल." डबे स्टीलचे, त्यांना कसली आलीय कल्हई! पण चौतीस वर्षं मकरपुऱ्याच्या कारखान्यात तयार माल तपासण्यात गेलेला माणूस, कुठे ना कुठे खोट काढल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

ऋचा बाहेरच्या खोलीत होती. तिने फोन बघितला आणि तो बाबांच्या हातात दिला. ह्यांनी चष्मा लावला, वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.

"अहो, बोला की काहीतरी!" मी फडकं हातात घेऊनच बाहेर आले.

"नाकारलाय," हे म्हणाले.

तो दिवस एकोणीस नोव्हेंबरचा. आठ डिसेंबरला ऋचाचं लग्न होतं, कार्यालय ठरलेलं, आचारी ठरलेला. मुलगा नील. जन्म लेस्टरचा, पासपोर्ट ब्रिटिश, आईवडील मात्र आपल्याच बडोद्याचे. दोन वर्षांपूर्वी इथेच, समा भागात, त्याच्या चुलत बहिणीच्या लग्नात दोघांची ओळख झाली आणि तिथून पुढे ऋचाचा फोन कधी कानावेगळा झाला नाही. लग्न करून जानेवारीत दोघांनी एकत्र विमानात बसायचं, असा ह्यांनी आखलेला कार्यक्रम. आता व्हिसा नाही म्हणजे नील एकटा परत जाणार आणि ऋचा कुंकू लावून माहेरीच बसणार. किती दिवस, ते कोणी सांगू शकत नव्हतं.

पत्रात कारणं लिहिली होती. ऋचाने ती आम्हाला मराठीत सांगितली, एखाद्या परक्या मुलीबद्दल बोलावं तशी.

"म्हणतायत, तुमचं लग्न चौदा जूनला झालं असं सर्टिफिकेट आहे. मग याच फाइलमध्ये आठ डिसेंबरच्या लग्नाची पत्रिका कशी? लग्नानंतर नवरा तीन आठवडे बडोद्यात होता, मग बायको वेगळ्या पत्त्यावर का राहिली? सप्टेंबरमध्ये बायको नवऱ्याला मेसेज करते की लग्नाला ऐंशी दिवस राहिले. तेव्हा हे नातं खरं आहे आणि दोघं एकत्र राहणार आहेत, याची आम्हाला खात्री पटत नाही."

आता यात साहेबाची चूक काय? काहीच नाही. मी त्याच्या जागी असते तर मीही नाहीच म्हटलं असतं.

झालं होतं असं, की मे-जूनमध्ये शुक्राचा अस्त, मुहूर्त नाहीत. पण व्हिसाची फाइल तर लवकर लावायला हवी. म्हणून महिनाभर आधी नोटीस देऊन चौदा जूनला दोघांनी रजिस्टर लग्न केलं. नुसत्या सह्या. आमच्याकडे त्याला कोणी लग्न म्हणत नाही, निदान मी तरी म्हणत नव्हते. "देवाब्राह्मणांसमोर होईपर्यंत ती माझ्या घरात, तो त्याच्या काकांच्या घरात," असं मी आधीच बजावून ठेवलं होतं. सह्या झाल्या, पेढे वाटले, आणि मी ऋचाला माझ्या स्कूटरवर मागे बसवून मांजलपूरला घरी घेऊन आले. नील पेढ्यांचा रिकामा बॉक्स घेऊन कचेरीच्या पायरीवर उभा होता. तो समाला जयवंतरावांकडे, म्हणजे त्याच्या काकांकडे गेला. एक नवरा-बायको, एक शहराच्या या टोकाला आणि एक त्या टोकाला, आणि संध्याकाळी आठच्या आत ऋचा घरात.

आणि पत्रिका? ती ह्यांची करामत. कागद जमवता जमवता फाइल लागायला सप्टेंबरअखेर उजाडली, आणि पुरावा जितका जास्त तितका बरा, म्हणून घाईने छापून घेतलेली पहिली पत्रिका देवापुढे ठेवली आणि दुसरी फाइलमध्ये. वर तिचं इंग्रजी भाषांतर, शिक्क्यासकट! चि. सौ. कां. ऋचाचा विवाह योजिला आहे, आपण अगत्य येण्याचे करावे. ते आमंत्रण साहेबाने वाचलं, आणि तो आला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं अलकापुरीत दीप्तीबेनच्या ऑफिसात गेलो. व्हिसाच्या कामात त्यांची वीस वर्षं गेलेली. आधी जायला हवं होतं, पण हे म्हणाले होते, "आपलीच फाइल, आपणच करू." दीप्तीबेननी फाइल चाळली, पत्रिकेपाशी थांबल्या आणि कपाळाला हात लावला.

"आ कंकोत्री कोणी लावली?"

"मी," हे म्हणाले. इतक्या बारीक आवाजात मी त्यांना लग्नाच्या दिवशीसुद्धा बोलताना ऐकलं नव्हतं.

"काकासाहेब, फाइल एकदम मस्त बनवली आहे. पण दोन लग्नांची बनवली आहे." त्यांनी फाइल बंद केली. "आता पुन्हा नवीन अर्ज करू. यावेळी बधू साचूं, सगळं खरं सांगायचं. त्यांना एकच सवाल आहे. जूनमध्ये लग्न झालं, तर छोकरी नवऱ्याबरोबर का नाही राहिली? याचा जवाब पाहिजे, आणि त्या वेळेचा एखादा कागद पाहिजे. आता बनवलेला नाही चालणार."

"शुक्राचा अस्त होता," हे म्हणाले. "आणि तो संपला तर लगेच चातुर्मास लागला."

दीप्तीबेननी भुवया उचलल्या. "लगेच कुठे? मध्ये आठ-दहा दिवस होते ने? माझ्या नणंदेच्या मुलाचं लग्न त्यातच झालं, बारा जुलैला. पावसात आम्ही सगळे भिजून निघालो."

हे माझ्याकडे बघायला लागले. मुहूर्त विचारायला गुरुजींकडे मीच गेले होते.

"गुरुजींनी काही काढून दिला नाही," मी म्हणाले. "आपल्या मुलांच्या पत्रिका वेगळ्या, त्यांच्या वेगळ्या."

ऋचा फोनमध्ये काहीतरी शोधत होती. "हे बघा," ती म्हणाली. "एकोणतीस जूनला नीलने विचारलंय. जुलैत मुहूर्त मिळत असेल तर मी रजा वाढवतो, घरच्या घरी करून टाकू. आणि मी लिहिलंय, आईने विचारलं, जुलैत मुहूर्त नाही."

"आ चांगलं आहे!" दीप्तीबेन खूश झाल्या. "तुमची दोघांची इच्छा होती एकत्र राहायची, ते यात दिसतं. आता फक्त ब्राह्मणाकडून लिहून आणा, कधी विचारलं, काय सांगितलं. एवढं मिळालं तर केस मजबूत."

"गुरुजींना आत्ताच फोन लावतो," हे म्हणाले. गुरुजी मुलाकडे नाशिकला गेले होते आणि फोन लागत नव्हता. मी मनातल्या मनात देवाचे आभार मानले आणि मग माझी मलाच लाज वाटली.

कारण मुहूर्त होता. अकरा जुलै, सकाळी दहा वाजून बेचाळीस मिनिटं. गुरुजींनी अठ्ठावीस जूनला कागदावर लिहून, तारीख घालून, सही करून, वर कुंकवाचं बोट लावून तो माझ्या हातात दिला होता. "छोटेखानी करा, पण करून टाका," असंही म्हणाले होते. मी तो कागद पर्समध्ये ठेवला, रिक्षात बसले आणि मांजलपूर येईपर्यंत माझं ठरलं होतं. घरात सांगितलं, मुहूर्त नाही. आता डिसेंबर.

कुंकू लावलेला मुहूर्ताचा कागद फाडता येत नाही. टाकताही येत नाही. म्हणून मी तो साबुदाण्याच्या डब्यात ठेवला. मग एकादशी आली, ह्यांनी खिचडी मागितली, तेव्हा तो पोह्यांच्या डब्यात गेला. तिथून शेवयांच्या, तिथून दिवाळीच्या चकलीच्या साच्याखाली. साडेचार महिने मी डबे पुसत होते ते याच्यापायी. पंचवीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, कॉप्या पकडल्या, पण आपली चिठ्ठी लपवायची वेळ आली तेव्हा मला एक धड जागा सुचली नाही.

तेवीस तारखेला नील आला. पाच दिवस आधीच, तिकीट बदलून. विमानतळावरून समाला जायच्या आधी आमच्याकडे आला, ह्यांच्या पाया पडला, माझ्या पाया पडला आणि म्हणाला, "काकू, टेन्शन घेऊ नका. सगळं ठीक होईल." मी त्याला चहा दिला. तो आणि ऋचा सोफ्याच्या दोन टोकांना बसले होते, मध्ये दोन माणसं बसतील एवढी जागा सोडून. लग्नाला पाच महिने उलटलेली माझी लेक आणि माझा जावई, माझ्याच धाकाने. तो निघाला तेव्हा ऋचा फाटकापर्यंत गेली आणि परत येऊन सरळ न्हाणीघरात शिरली. बराच वेळ नळ चालू होता.

मला ते सहन होईना. मी फळीवर चढले, साच्याखालचा कागद काढला, जेवणाच्या टेबलावर बसले आणि लिहायला घेतलं. पहिल्या खेपेला लिहिलं की आमच्या समाजात अशी पद्धत आहे. ते फाडलं. दुसऱ्या खेपेला लिहिलं की गैरसमज झाला. तेही फाडलं. या कागदांवर कुंकू नव्हतं, ते फाडता येत होते. तिसऱ्या खेपेला एका दमात लिहिलं आणि पुन्हा वाचून बघितलं नाही.

ऋचा बाहेर आली तेव्हा मी तिच्यापुढे दोन्ही कागद ठेवले. "दीप्तीबेनना द्यायचेत. इंग्रजी करावं लागेल."

तिने आधी गुरुजींचा कागद बघितला. तारीख बघितली. मग खुर्ची ओढून हळूच बसली.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

"हो."

"मी त्याला सांगत होते गं, की आई तरी काय करणार, मुहूर्तच नाही. त्याच्या आईला सांगितलं. सगळ्यांना सांगितलं." तिचा आवाज चढला. "का, आई?"

"लिहिलंय त्यात. वाच."

ती वाचायला लागली. मोठ्याने वाचायची गरज नव्हती, पण ती मोठ्याने वाचत गेली, आणि हे दारात येऊन उभे राहिले.

"मी, ऋचाची आई, लिहून देते की माझ्या मुलीचे लग्न चौदा जूनला झाले. तिला आणि तिच्या नवऱ्याला त्या दिवसापासून एकत्र राहायचे होते. मी राहू दिले नाही. आमच्या गुरुजींनी अकरा जुलैचा मुहूर्त काढून दिला होता, तो मी घरात कोणाला सांगितला नाही. चालीरीतीचे कारण मी पुढे केले, पण खरे कारण ते नव्हते. मुलगी एकदा परदेशी गेली की वर्षा-दोन वर्षांतून पंधरा दिवसांची पाहुणी होते, हे मी आमच्या सोसायटीत घरोघर पाहिले आहे. मला ती अजून थोडे दिवस हवी होती. यात मुलांची काही चूक नाही. शिक्षा करायचीच असेल तर मला व्हिसा देऊ नका, तिला द्या."

शेवटचं वाक्य वाचून तिला हसू यायला हवं होतं. आलं नाही. हे दारातून मागे फिरले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले.

"मला आत्ता तुझ्याशी बोलायचं नाहीये," ऋचा म्हणाली. आत गेली आणि कपाट उघडल्याचा आवाज आला. बॅग ओढल्याचा आवाज आला. मी तशीच बसून राहिले. आयुष्यात पहिल्यांदा मला उठून काही आवरावंसं वाटलं नाही.

ती बॅग घेऊन बाहेर आली. "मी समाला चाललेय. नीलकडे."

"ऋचा, अगं दोन आठवड्यांवर लग्न आलंय," हे गॅलरीतून म्हणाले. "उद्यापासून पाहुणे यायचेत. लोक काय म्हणतील?"

"थांब," मी म्हणाले. "मी सोडते तुला."

"मी जाईन."

"जाशील गं. पण जूनमध्ये मी तुला परत आणलं होतं. आता सोडायलाही मलाच यायला हवं."

रिक्षात आमच्या दोघींच्या मध्ये बॅग होती. दुपारची वेळ, रस्ता मोकळा, रिक्षावाला गुजरातीत फोनवर कोणाशी तरी भांडत होता. ऋचा बाहेर बघत होती. मी एकदा म्हणाले, "टॉवेल घेतलास ना?" समाच्या चौकात आल्यावर ती म्हणाली, "नाही घेतला." तेवढंच बोलणं झालं.

दार जयवंतरावांच्या बायकोने, कौमुदीताईंनी उघडलं. मला बघितलं, ऋचाला बघितलं, बॅग बघितली. त्यांच्या मागे नील अर्ध्या चड्डीत, हातात शेंगदाण्यांची वाटी घेऊन उभा. तो इतका गोंधळला की वाटी पाठीमागे लपवली.

"अगंबाई, निरुपमाताई! अशा अचानक? काय झालं? अजून मुहूर्तमेढ नाही, हळद नाही…"

"लग्न जूनमध्येच झालंय, कौमुदीताई," मी म्हणाले. "सगळ्यांना माहीत होतं. मीच मान्य करत नव्हते. तुमची सून आणलीय, उंबऱ्यावरच उभी करणार का?"

त्या बिचाऱ्या धावत आत गेल्या आणि भाकरतुकडा घेऊन आल्या. सकाळची भाकरी उरलेली होती म्हणून निभावलं. ऋचावरून ओवाळून टाकला, तिच्या डोळ्यांना पाणी लावलं. ऋचाने उजवा पाय आत टाकला. मग मागे वळून तिने माझ्याकडे पाहिलं, रागानेच पाहिलं, पण पाहिलं. मी आत गेले नाही. त्याच रिक्षाने परत फिरले आणि मांजलपूर येईपर्यंत रडले. रिक्षावाल्याने फोन ठेवला आणि विचारलं, "शुं थयुं, बेन?" मी म्हटलं, "छोकरीला सासरी सोडून आले." "अरे, तो तो सारी वात कहेवाय," तो म्हणाला. चांगलीच गोष्ट होती, आणि मला ती अजिबात आवडली नव्हती.

आठ डिसेंबरला लग्न झालं. नवरी सासरच्या घरून कार्यालयात आली, त्याबद्दल चार बायका चार तऱ्हेने बोलल्या. मी प्रत्येकीला सांगितलं की हे दुसऱ्यांदा आहे, पहिलं जूनमध्ये झालं. जानेवारीत दीप्तीबेननी नवीन फाइल केली. एकाच लग्नाची. ह्यांनी त्यात फक्त एकच हट्ट केला, गुरुजींच्या कागदाची झेरॉक्स रंगीत काढायची, कुंकू दिसलं पाहिजे. माझा कबुलीजबाब इंग्रजीत कसा झाला मला ठाऊक नाही. शेवटचं वाक्य काढू का, असं दीप्तीबेननी विचारलं होतं. मी म्हटलं, राहू द्या.

नील परत गेला. ऋचा कधी समाला, कधी आमच्याकडे. माझ्याशी बोलायला लागली होती, पण मोजकं. भाजी काय करू, पाणी आलं का, एवढंच. मी डबे पुसणं सोडलं होतं, आता फोनची घंटा वाजली की नुसती दचकत होते. तीन महिने आम्ही सगळे एका पायावर उभे असल्यासारखे राहिलो.

तीन एप्रिलला ईमेल आला. यावेळी ऋचाने फोन ह्यांना दिला नाही, मला दिला. मला चष्म्याशिवाय काही दिसेना. तिच्या तोंडाकडे बघितलं आणि वाचायची गरज उरली नाही. ह्यांनी मात्र दोनदा वाचून खात्री केली. नीलचा व्हिडिओ कॉल आला, तो ओरडत होता, "आई, झालं! आई, झालं!" आता तो मला आई म्हणत होता.

त्या संध्याकाळी मी पोळ्या लाटत होते. ऋचा येऊन ओट्याला टेकून उभी राहिली. किती महिन्यांनी ती अशी उभी राहिली होती.

"आई, नीलने तिकीट बघितलंय. या शुक्रवारचं मिळतंय."

"बरं."

"पण लगेच जायलाच हवं असं नाही. दीप्तीबेन म्हणाल्या, तीन महिन्यांत कधीही गेलं तरी चालतं." ती पिठात बोटाने रेघ ओढत राहिली. "आंबे येतील आता. पंधरा दिवस… महिनाभर थांबू का? मी नीलला सांगते."

माझ्या हातातलं लाटणं थांबलं. महिना. तीस दिवस. आमरस, गच्चीवर पापड, सकाळचा तिचा चहा माझ्यासमोर. तोंडात शब्द आला होता, अगदी ओठावर. तिने स्वतःहून, राग सोडून, माझ्यापुढे आणून ठेवलेले तीस दिवस होते ते.

"शुक्रवारचं घे," मी म्हणाले. "शुक्रवारी प्रस्थानाला मुहूर्त फार चांगला आहे."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या खिळ्याकडे पाहिलं. खिळ्याला पंचांग टांगलेलं होतं, दोन दिवसांपूर्वी आणलेलं नवीन वर्षाचं, अजून वरचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं.

"बघितलंस तू?" तिने विचारलं.

"बघायला कशाला हवं?" मी म्हणाले आणि पोळी तव्यावर टाकली.